हसऱ्या चेहऱ्यांचं छप्पर

रेखाला मूस मारायचा होता आणि त्याचा परवाना अखेर तिच्या नावाने निघाला होता.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तरेकडच्या जंगलांत दरवर्षी ठरावीकच मूस मारू देतात आणि त्यासाठी सोडत काढतात. नशीबवानांची नावं निघतात, बाकीचे पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करतात. रेखा या बाकीच्यांत इतकी वर्षं होती, की सोडतीच्या दिवशी तिचा नवरा सुमंत काही न विचारता आल्याचा चहा करून तिच्यापुढे ठेवायचा. यंदा तो चहा गार झाला. रेखा फोन हातात धरून मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीच्या आपल्या स्वयंपाकघरात खुळ्यासारखी हसत उभी होती.

एक परवाना, एक मूस, ऑक्टोबरमधला एक आठवडा. एकदा नाव निघालं की पुढची काही वर्षं अर्जही करता येत नाही. रेखाने पासष्टी ओलांडली होती आणि गुडघे कुरकुरायला लागले होते. हा पहिला मूस आणि हाच शेवटचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मूस म्हणजे आपल्या सांबराचा अमेरिकेतला थोराड भाऊबंद. उंची घोड्याहून जास्त, शिंगं सुपाएवढी पसरट, आणि एवढं धूड असूनही झाडीत शिरला की पानाचाही आवाज नाही! रेखा वूस्टरच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होती. निवृत्त झाल्यावर शेजारच्या बाईंबरोबर ती एकदा शिकारीला गेली आणि तिच्या लक्षात आलं, की तासन्‌तास न हलता बसून दुसऱ्याच्या श्वासावर लक्ष ठेवणं तिला आधीपासूनच येतं. मराठी मंडळातल्या बायकांचा समज मात्र अजूनही असा होता, की रेखा पक्षी बघायला जाते. रेखाने तो कधी दुरुस्त केला नाही.

नकाशावर तिने एक तळं हेरलं. तळ्याच्या पलीकडे दलदल होती आणि तिथवर एकही रस्ता जात नव्हता. बाकीचे शिकारी खडीच्या रस्त्यांवर गाड्या फिरवत बसणार, आपण होडीतून पलीकडे जाऊन मुक्काम ठोकायचा, असा तिचा बेत होता. मुक्कामाला छप्पर हवं. बाजारातले तंबू सुमंतने एकेक करून नापास केले. ह्यात उभं राहता येत नाही, त्यात चूल पेटवता येत नाही, तिसरा हिमाचं वजन पेलणार नाही. सुमंतने हयातभर पूल बांधले होते आणि निवृत्तीनंतर त्याच्या हिशेबी डोक्याला खुराक उरला नव्हता.

"मी करतो ना छप्पर," तो म्हणाला. "त्यात काय रॉकेट सायन्स आहे?"

कापड मिळालं प्रल्हादच्या गराजमध्ये. प्रल्हाद हा या दोघांचा जुना मित्र आणि मंडळाचा कायमचा सजावटप्रमुख. मंडळाच्या चाळिसाव्या वर्धापनदिनाला त्याने स्टेजमागे लावायला छापील पट्ट्या स्वतः जोडून भलाथोरला फ्लेक्स केला होता. त्यावर सगळ्या संस्थापक सभासदांचे तरुणपणीचे फोटो होते. बेलबॉटममधला प्रल्हाद होता. झुबकेदार मिश्यांचा सुमंत होता, दोन वेण्यांची रेखा होती. आणि वरच्या कोपऱ्यात, कॅमेऱ्याकडे न बघता कुणाकडे तरी बघून खळखळून हसणारी संध्या होती. संध्या प्रल्हादची बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून प्रल्हाद गराजमध्ये फार वेळ असायचा.

"फ्लेक्स देतो," प्रल्हाद म्हणाला, "पण मीही येणार. होडी माझी आहे. आणि वहिनी, घरी बसून तरी मी काय करणारे?"

रेखाने लगेच हो म्हटलं. सुमंतला वल्हवता येत नव्हतं, हेही एक कारण होतं.

सुमंतने कडांना दुहेरी शिवण घातली, पितळी रिंगा ठोकल्या आणि मागच्या अंगणात छप्पर उभं करून पाहिलं. पुढून उघडं, मागे उतरतं, पडवीसारखं. वरच्या कडेला दोन झाडांमध्ये बांधलेलं आढं, खालची कड खुंट्यांनी जमिनीला. खुंट्या ठोकताना तो एकोणतीसचा पाढा म्हणायचा, एका घावाला एक आकडा. शाळेत त्या पाढ्यासाठी त्याला बक्षीस मिळालं होतं आणि ते तो कुणाला विसरू देत नसे. मग त्याने छपरावर बागेतल्या पाइपचं पाणी सोडलं. फ्लेक्स आडव्या पट्ट्या चिकटवून केलेला होता. छापलेल्या बाजूने वरच्या पट्टीची कड खालच्या पट्टीवर आलेली होती, कौलांसारखी, त्यामुळे संस्थापक सभासदांच्या चेहऱ्यांवरून पाणी सरळ खाली ओघळलं. आत थेंब नाही!

"पर्फेक्ट," सुमंत म्हणाला. शेजारचा कुत्रा त्या चेहऱ्यांकडे बघून बराच वेळ भुंकत होता.

* * *

तळ्याच्या अलीकडच्या काठावर ते पोचले तेव्हा ऑक्टोबर असूनही हवा उबदार होती. गाडी तिथेच ठेवायची होती. होडीच्या तीन खेपा झाल्या. सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायचं यंत्र गाडीत चार्जिंगला लावलेलं तिथेच राहिलं, हे तिसऱ्या खेपेनंतर सुमंतच्या ध्यानात आलं. फोनला तर रेंज नव्हतीच. उद्या आणू म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवलं नाही.

पलीकडच्या काठावर स्प्रूसच्या सूचिपर्णी झाडांची दाट राई होती. तिच्यामागे छोटा उंचवटा, आणि त्याच्यापलीकडे अर्ध्या मैलावर रेखाची दलदल. सुमंतने दोन सरळ झाडं निवडली, आढं चढवलं आणि फ्लेक्स उलगडला. सूर्य त्या गुळगुळीत चेहऱ्यांवर असा चमकला, की रेखा चपापली.

"हे असं नाही चालायचं. काठाकाठाने फिरणारा मूस हे बघून थेट कॅनडा गाठेल. मागची करडी बाजू बाहेर घ्या."

"मी तेच म्हणणार होतो," प्रल्हाद घाईने म्हणाला. "पाऊसपाणी, पक्ष्यांची घाण… बाहेर कशाला? आत राहू देत सगळे."

सगळे म्हणजे कोण, ते तिघांनाही कळलं. सुमंत म्हणाला, "मग डोकी खाली करून लावावं लागेल का, बघू दे जरा…"

"डोकी खाली?" प्रल्हादचा चेहराच उतरला. "गेलेल्या माणसाचा फोटो उलटा टांगतात का कुणी? काहीतरीच काय!"

सुमंतने हात टेकले. आतली बाजू बाहेर आली, बाहेरची आत, डोकी वर. फ्लेक्स तोच, उतार तोच, दोऱ्या त्याच. पण आता बाहेरच्या अंगाला खालची पट्टी वरच्या पट्टीवर चढली होती. कौलं उलटी घातल्यासारखी! बाहेर लख्ख ऊन होतं आणि ते तिघांच्याही लक्षात आलं नाही. आडवं झालं की डोक्यावर आपलेच तरुण चेहरे दिसत, याचंच त्यांना कौतुक वाटत होतं. पहिल्या संध्याकाळी प्रल्हाद उताणा पडून एकेका चेहऱ्याची आठवण सांगत राहिला. संध्याजवळ आला तेव्हा म्हणाला, "ही कुणाकडे बघून हसतेय, ते मला शेवटपर्यंत सांगितलं नाही हिने." मग त्याने कूस बदलली.

सुमंतने शिस्त घालून दिली. तो मुक्कामावर थांबून स्वयंपाक करणार. त्याच्या गळ्यात शिट्टी. एक शिट्टी म्हणजे चहा तयार. दोन म्हणजे जेवण. तीन म्हणजे संकट, असाल तिथून निघून या. रेखाने मान डोलावली. तिचं सगळं लक्ष बर्च झाडाच्या सालीच्या कर्ण्यात होतं. शेजारच्या बाईंनी स्वतःच्या हाताने वळून दिलेला तो कर्णा तोंडाला लावून मादीसारखं हंबरलं की नर जवळ येतो. रेखाने घराच्या तळघरात महिनोन्‌महिने सराव केला होता.

पण उबदार हवेत मूस हलत नाहीत. रेखा पहाटेपासून हंबरायची आणि दलदल गप्प राहायची. तिच्याबरोबर बसायला प्रल्हाद यायचा. दुसऱ्या दिवशी एक मादी आणि तिच्यामागे काहीतरी काळंभोर मोठं झाडीत हललं, आणि नेमकी त्याच क्षणी प्रल्हादने चिवड्याची पिशवी उघडली. चर्रर! झाडी रिकामी झाली.  रेखाने चिवडा जप्त केला आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे पाहिलं नाही. दिवस गेले. शिकाऱ्यांना कायद्याने लागणाऱ्या नारिंगी टोप्या घालून दोघं दलदलीच्या कडेला बसायची आणि अंधारताना रिकाम्या हातांनी परतायची. सुमंत पिठलं-भात वाढताना "आज?" असं विचारायचा, मग तेही विचारेनासा झाला.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या सकाळी वारा फिरला. उत्तरेकडून थंडीची लाट आली आणि रेखाच्या अंगात उत्साह संचारला. याच हवेत नर बाहेर पडतात!

"आज येणार तो," ती म्हणाली. तिने कर्णा कोरडा राहावा म्हणून जाकिटाच्या आत घातला, डब्यात दशम्या घेतल्या आणि निघाली. प्रल्हाद मागोमाग. आज त्याने खिसे उलटे करून दाखवले होते.

दुपारच्या सुमाराला आकाश खाली उतरलं. आधी बारीक पाऊस, मग पावसात बर्फाचा चुरा. तळ्याच्या बाजूने वाऱ्याचा घोंघाट येत होता. प्रल्हाद कुडकुडत कुजबुजला, "वहिनी, जायचं का?"

रेखाने बोट ओठांवर ठेवलं आणि कर्णा काढून लांब, रडवा हंबरडा फोडला.

आणि समोरून उत्तर आलं.

"ऑक्!"

 पुन्हा, जरा जवळून. "ऑक्!" फांद्या मोडल्या. शिंगं झाडावर घासल्याचा आवाज आला. रेखाने कर्णा हळूच आत सरकवला, रायफल काठीच्या आधारावर टेकवली आणि दुर्बिणीला डोळा लावला. करड्या बर्फात प्रथम शिंगं दिसली. मग डोकं. मग तो सबंध बाहेर आला! काळा, ओला, नाकातून वाफा सोडणारा. पाण्यात गुडघाभर उभा राहून त्याने मान वळवली आणि त्याची सबंध बरगडी रेखासमोर आली. याहून चांगला नेम कुणाला मिळत नाही. रेखाचा श्वास संथ झाला. तिने ट्रिगर अडवणारी सेफ्टी सरकवली.

वाऱ्यावरून शिट्टी आली.

एक. चहा. रेखाचं बोट ट्रिगरवर होतं.

मग दुसरी. लांबलेली, शेवटी विरून गेलेली.

मूसने कान वळवले, पण तो जागचा हलला नाही. रेखा तिसरीची वाट पाहत राहिली. वारा. बर्फाचा चुरा पानांवर पडत होता. तिसरी आली नाही.

"दोन," प्रल्हाद तिच्या कानाशी कुजबुजला. "जेवण झालंय म्हणतोय. मारा, वहिनी!"

दोन म्हणजे जेवण. ठरलं होतं. समोर तो उभा होता. इतक्या वर्षांचे अर्ज, इतक्या वर्षांचा आल्याचा चहा, सगळं त्या एका बरगडीवर येऊन थांबलं होतं. पण गोळी झाडली की त्याच्यामागे जावं लागतं. घायाळ झाला तर अंधार होईपर्यंत माग काढावा लागतो, पडला तर तिथेच थांबून तो सोलावा लागतो. मारून टाकून निघून जाणं, हे रेखाच्या हातून कधी झालं नसतं. म्हणजे आता ट्रिगर ओढला, की संध्याकाळ या दलदलीत जाणार.

रेखाने सेफ्टी मागे घेतली. रायफल खाली आली.

"काय झालं?" प्रल्हाद जवळजवळ ओरडलाच.

"चला," ती म्हणाली. "पळा!"

मागे पाण्यात मोठा खळबळाट झाला. तिने वळून पाहिलं नाही.

* * *

उंचवटा चढताना तिचा गुडघा दोनदा लचकला. ती थांबली नाही. राईत शिरताच तिला छप्पर दिसलं. मधोमध त्याला मोठी झोळ पडली होती आणि एका जोडाचं तोंड हातभर उघडं पडून त्यातून पाण्याची धार आत कोसळत होती. चूल विझली होती. स्लीपिंग बॅगा पाण्यात तरंगत होत्या. आणि त्या चिखलात, चिंब भिजलेला सुमंत शिट्टी हातात धरून बसला होता.

झालं होतं ते असं. बर्फाचा चुरा उतारावरून घसरून जायला हवा होता. तो प्रत्येक जोडाच्या उलट्या कडेत अडकला आणि साचला. पाणी जोडांतून आत झिरपलं, अंथरुणं भिजली. छपराला पोट सुटलं. सुमंत ते वल्ह्याने खालून वर ढकलायला गेला आणि जोडाचं तोंड उघडून सगळं गोठतं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं गेलं. तो घसरला, घोटा मुरगळला. उठता येईना. वाऱ्यात बसून बसून हात-ओठ बधिर झाले तेव्हा त्याला शिट्टीची आठवण झाली.

"सुमंत!"

"आलीस," तो जड जिभेने म्हणाला. "भात… भात लागला बहुतेक."

तो कुडकुडत नव्हता, आणि रेखाला तेच नको होतं. अंग थंड पडलं की माणूस आधी थरथरतो. थरथर थांबली की शरीराने हात टेकलेले असतात. ऑपरेशन टेबलावर तिने हे आयुष्यभर होऊ दिलं नव्हतं.

"एकोणतीसचा पाढा म्हण."

"एकोणतीस एके एकोणतीस," तो म्हणाला. "दुणे… दुणे…"

पुढे काही येईना. एकोणतीस दुणे काय, हे सुमंतला सांगता येईना!  हा माणूस आपल्या हातून जाऊ शकतो, आज, इथे, हे तिला अगदी स्पष्ट कळलं, आणि मग तिला भीती वाटायला वेळच उरला नाही.

"प्रल्हाद, होडीने गाडीपर्यंत?"

प्रल्हाद काठावर जाऊन धावत परत आला. "लाटा फेसाळल्यात. मधेच बुडू. होडी नाही निघायची!"

"मग इथेच. ह्याला कोरडं करायचं, वर छप्पर, पुढे आग. लगेच!"

तिने सुमंतचे ओले कपडे कापूनच काढले. स्वतःचं लोकरीचं आतलं जाकीट त्याला चढवलं, प्रल्हादचा स्वेटर त्याच्या पायांना गुंडाळला. प्रल्हाद छपराकडे बघत उभा होता. त्याच्या कपाळावरून पाणी निथळत होतं.

"वहिनी," तो म्हणाला, "जोड उलटे आहेत. हे जोड मी स्वतः चिकटवलेत. छापलेल्या बाजूला कड वरून खाली येते. आपण आतलं बाहेर केलं, तिथेच घोळ झाला. हे पालटलं नाही तर कितीही बांधा, गळणारच."

"मग पालटा!"

प्रल्हादने वर पाहिलं. कोपऱ्यात संध्या हसत होती. तिच्या गालावरून पाण्याचा ओघळ चालला होता. एक क्षण तो तसाच थांबला आणि त्या क्षणी रेखाला त्याची दयाही आली आणि रागही.

"आत राहूनही भिजलीच की," तो स्वतःशीच पुटपुटला. मग त्याने सुरी काढली. "येऊ दे बाहेर. तिला कुठे घरात बसवायचं!"

त्याने दोऱ्या कापल्या. झोळीतलं पाणी धबाबा कोसळलं. फ्लेक्स सुटताच वाऱ्याने तो शिडासारखा फुगवला! रेखा एका टोकाला लोंबकळली. प्रल्हाद दुसऱ्या टोकावर आडवा पडला. एक रिंग सटकली, रेखाच्या गालाला लागली. "सोडू नका!" "नाही सोडत!" ओढ. वळव. पुन्हा ओढ! सगळं मंडळ एकदा आकाशात उलटंपालटं झालं आणि पालथं होऊन खाली आलं. प्रल्हादने आढं कमरेइतकं खाली आणलं, म्हणजे वारा कमी धरेल. मागची कड आत ओढून त्याने उतार खडा केला. खुंट्या दगडाने ठोकल्या. वाऱ्याच्या बाजूला होडी आडवी उभी करून भिंत केली.

बर्फाचा चुरा चेहऱ्यांवर पडला आणि सरळ घसरून गेला. सुटलेल्या जोडावर वरची पट्टी आपोआप पदरासारखी येऊन बसली. आत एक थेंब नाही.

आता आग. प्रल्हादने सिगारेट सोडून कैक वर्षं झाली होती, पण लायटर खिशातून सुटला नव्हता. लाकडं मात्र वरून खालपर्यंत ओली. काड्या धुमसल्या आणि विझल्या. पुन्हा विझल्या. बर्चची साल ओलीही पेटते, पण बर्चची झाडं तळ्यापार, गाडीच्या बाजूला होती.

रेखाने जाकिटात हात घातला. कर्णा कोरडा ठणठणीत होता. ती त्याच्याकडे क्षणभर बघत राहिली. उद्याचा एक दिवस अजून बाकी होता. कर्णा असेल तर मूस परत येईलही, आजच तर आला होता.

तिने कर्णा मोडला, त्याच्या पट्ट्या फाडल्या आणि लायटर धरला. साल तडतडली, वळली, पिवळी ज्योत उठली! तिच्यावर चिरफाळ्या, चिरफाळ्यांवर ओंडके. धुराने डोळे भरले. रेखाला रडू आलं ते धुराने नव्हतं, आणि प्रल्हादने ते पाहूनही न पाहिल्यासारखं केलं.

सुमंतला दोघांच्या मध्ये बसवलं. बऱ्याच वेळाने तो थरथरायला लागला. दात कडकडा वाजू लागले आणि ते ऐकून रेखाचा जीव भांड्यात पडला. मग त्याला घोट घोट साखरेचं गरम पाणी पाजलं. बाहेर अंधार भरून आला, वारा घुमत राहिला, छप्पर फडफडत राहिलं, पण हललं नाही.

"दुणे अठ्ठावन्न," सुमंत अचानक म्हणाला. "त्रिक सत्त्याऐंशी. चोक एकशे सोळा."

दाहेपर्यंत त्याने तो न चुकता म्हटला. रेखाने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि त्याला पुन्हा एकदा पहिल्यापासून म्हणायला लावलं.

* * *

सकाळी वारा पडलेला होता. तळं काचेसारखं आणि सगळीकडे पांढरं. रेखा बाहेर आली आणि थबकली. ताज्या बर्फात खुरांचे खोल ठसे होते. दलदलीकडून आलेले. छपराच्या मागच्या बाजूला येऊन ते थांबले होते, तिथला बर्फ तुडवलेला होता आणि मग तसेच काठाकाठाने निघून गेले होते. तो इथे उभा राहून फ्लेक्सवरची माणसं बघत होता, आणि आत तिघं घोरत होती!

प्रल्हाद तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. बर्फाने फ्लेक्सचा खालचा भाग झाकला होता. वरच्या कोपऱ्यात संध्या होती, धुऊन लख्ख झालेली.

"हिने चहा पाजल्याशिवाय सोडला नसणार त्याला," तो म्हणाला. रेखा हसली. ठसे ताजे होते. दिवस उगवला होता, परवान्याची मुदत संध्याकाळपर्यंत होती, आणि अशा ठशांचा माग कुणालाही काढता आला असता. तिने छपराखाली पाहिलं. सुमंतचा घोटा फुगून निळा पडला होता आणि अंथरुणं अजून ओली होती. तिने रायफलमधल्या गोळ्या काढून खिशात टाकल्या. तिला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. तिने ते लपवलंही नाही.

पहिल्या खेपेला सुमंतलाच न्यायचं ठरलं. तो होडीत मधे बसला, रेखा पुढे, प्रल्हाद मागे. तळ्याच्या मध्यावर आल्यावर प्रल्हादला राहवेना आणि त्याने कालच्या मूसची गोष्ट सांगितली. शिंगं केवढी, बरगडी कशी समोर आली, वहिनींचं बोट कुठे होतं, सगळं.



"माझ्यामुळे गेला म्हणजे," सुमंत म्हणाला.

"हो, तुझ्यामुळेच," रेखा वल्हं न थांबवता म्हणाली.

"पण थांब. दोनच वाजल्या ना? तिसरीला माझे ओठच हलले नाहीत. आणि दोन म्हणजे जेवण. मग तू आलीस कशाला?"

"साडेबाराला जेवून भांडीसुद्धा घासून ठेवणारा माणूस तू. अडीच वाजता कुणाला जेवायला बोलावशील?"

 सुमंत शिट्टी बोटांत फिरवत बसला. होडी पुढे चालली होती. मागे राईच्या कडेला संस्थापक सभासद बर्फातून हसत होते, लहान लहान होत.

"चूक माझीच आहे," तो जरा वेळाने म्हणाला. "सिग्नल उलटे लावले मी. संकटाला एकच शिट्टी ठेवायला हवी होती. चहाला तीन."

रेखाचं वल्हं थांबलं. ती पाठमोरीच होती, पण तिचे खांदे हलत होते, आणि ती हसतेय की रडतेय ते मागच्या दोघांना कळेना. मग तिने नाक पुसलं, पुन्हा वल्हं पाण्यात घातलं आणि काठाकडे जोर लावला.